म्हशीच्या डॉक्टरनं पकडलेलं दुखणं

कळंब्याच्या तलावापासून हाकेच्या अंतरावर गुंडूचा गोठा आहे आणि गोठ्याला लागून त्याचं घर. गोठा आधी आणि घर मागून सांगण्याचं कारण एवढंच, की गुंडू स्वतःही त्याच क्रमानं सांगतो. गोठ्यात चार म्हशी. त्यांतली रतन नावाची मुऱ्हा जातीची म्हैस म्हणजे घरातली खरी मालकीण. तिच्या डोक्यावर पंखा आहे, पायाखाली रबराची गादी आहे, डास चावू नयेत म्हणून भोवती जाळी आहे. रतननं सकाळी वैरण किती खाल्ली, पेंड किती वेळात संपवली, रवंथ करायला कधी बसली, हे गुंडू झोपेतून उठवलं तरी घडाघडा सांगतो. बायको काय खाते हे त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं, त्यामुळं ते ठाऊक असायचंही काही कारण नव्हतं.

बायकोचं नाव चिमणाबाई. वय पंचावन्न, जीभ तिखट, अंगकाठी पूर्वी भरलेली. आणि गेली तीन वर्षं तिला घास गिळत नव्हता.

भाकरीचा तुकडा छातीच्या मधोमध येऊन ठाण मांडून बसायचा. मग चिमणाबाई उठून उभी राहायची, तांब्याभर पाणी वरून ओतायची, मान ताणायची, दोन्ही हात वर करायची. तुकड्याची मर्जी असली तर तो खाली उतरायचा, नसली तर आल्या वाटेनं परत. हे सगळं स्वयंपाकघरात, एकटीनं. कारण घरात जेवायचा क्रम ठरलेला होता. आधी गुंडू, मग मुलगा आदर्श, मग बँकेतून दमून आलेली सून अनुजा आणि शेवटी पातेल्यात उरेल त्याच्यासोबत चिमणाबाई. अनुजा बिचारी सुरुवातीला म्हणायची, "आत्ती, बसा की माझ्याबरोबर." पण तो क्रम चिमणाबाईनंच ठरवलेला, त्यामुळं तो मोडणार कोण? घरातली बाई जेवत नाही हे तीन वर्षं लपवायला फार हुशारी लागत नाही. शेवटी जेवायला बसलं की भागतं. उरलेली भाकरी रतनच्या घमेल्यात जात होती आणि रतनचं अंग कसं भरतंय म्हणून गुंडू पेंडवाल्याचं कौतुक करत होता.

चिमणाबाई वाळत चालली हे लोकांना दिसलं नाही असं नाही. दिसलं, आणि त्यांनी मनापासून अभिनंदन केलं. शेजारची आक्का एकदा भिंतीवरून वाकून म्हणाली, "काय गं, डायट करतीस व्हय? कशी शेवग्याच्या शेंगंगत झालीस!" बचत गटातल्या दोघी तर खास विचारायला घरी आल्या. चिमणाबाईनं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "काय न्हाय, सकाळी उठून लिंबूपाणी." दोघींनी महिनाभर लिंबूपाणी प्यायलं आणि पित्त वाढवून घेतलं. उपाय तिनंही केले होते. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गॅसच्या गोळ्या मिळाल्या, आक्कानं जोतिबाचा अंगारा दिला. गोळ्या अडकायच्या. अंगारा तेवढा कपाळाला लावायचा होता म्हणून बरा.

मग एके सकाळी रतननं पेंड सोडली. घरात हाहाकार झाला. ती गाभण होती, दिवस भरत आलेले. गुंडूनं सहाला फोन केला आणि सातच्या आत जनावरांचे डॉक्टर विजयसिंह मोटारसायकलवरून दारात हजर. त्यांनी रतनला पुढून, मागून, कडेनं तपासलं आणि काही झालेलं नाही, उकाड्यानं खात नाही, असं सांगितलं. गुंडूचा जीव भांड्यात पडला. चहा झाला. चिमणाबाईनंही गोठ्याच्या दारात उभ्या उभ्या चहात बेकरीचं कडक बटर बुडवून तोंडात टाकलं आणि ते नेहमीच्या जागी अडकलं. ती कडब्याच्या गंजीआड गेली, मान ताणली, हात वर केले. हात धुवायला तिकडं आलेले डॉक्टर थबकून बघत राहिले.

"वयनी, किती दिवस झालं ह्याला?"

"कशाला?"

"घास अडकायला. जनावराच्या नरड्यात रताळं अडकलं की ते अशीच मान ताणतंय. तुम्ही काय रताळं गिळलेलं न्हाय."

चिमणाबाईकडं प्रत्येकाला द्यायला उत्तर तयार असायचं. पण हा प्रश्न तीन वर्षांत कुणी विचारलाच नव्हता, त्यामुळं त्याचं उत्तर तिनं करून ठेवलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. चूल पेटलेली नसताना धुराचं निमित्तही सांगता येईना.

"तीन वर्सं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी गुंडूला बोलावून, बायकोला शहरात पोटविकारांच्या डॉक्टरांकडं आजच्या आज न्यायला सांगितलं. गुंडूनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, मग रतनला इंजेक्शन न्हाय म्हणायचं?"

शहरातल्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी आधी चिमणाबाईला विचारलं, मग खात्री करायला गुंडूकडं वळल्या. वजन किती उतरलं? भाकरीच अडकते की पाणीसुद्धा? झोपल्यावर खाल्लेलं घशाशी येतं का? गुंडू प्रत्येक प्रश्नाला छताच्या पंख्याकडं बघत होता. शेवटी काहीतरी बोलायला हवं म्हणून तो म्हणाला, "अंगात ताप न्हाय बगा तिला." म्हशीचं पहिलं लक्षण तेच बघतात. काट्यावर चिमणाबाई सदतीस किलो भरली. रतनचं रेडकू जन्मतः साधारण इतकंच भरतं. हे गुंडूच्याही मनात आलं असावं, कारण तो पहिल्यांदाच बायकोकडं टक लावून बघत राहिला.

तपासण्या झाल्या. तोंडातून दुर्बीण घातली, पांढरं औषध पाजून फोटो काढले, नाकातून नळी घालून आतला दाब मोजला. गाठ नाही असं डॉक्टर बाईंनी सांगितल्यावर गुंडूनं ते त्यांच्याकडून परत एकदा वदवून घेतलं. त्याच्या मनात कॅन्सर होता आणि त्यानं तो कुणाला सांगितला नव्हता. माणूस अगदीच दगड नव्हता, फक्त त्याचं सगळं लक्ष गोठ्यात गुंतलेलं होतं.

"अन्ननलिका जिथं जठराला मिळते, तिथं स्नायूचं एक कडं असतं," डॉक्टर बाईंनी समजावलं. "घास आला की ते सैल पडायला हवं. यांचं पडतच नाही. दार कायमचं बंद. तोंडातूनच दुर्बीण घालून आतल्या बाजूनं तो स्नायू कापायचा. बाहेर कुठं चिरायचं नाही. पण उशीर करू नका. पाणीसुद्धा अडकतंय. अन्न फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतेल. पुढच्या गुरुवारी दाखल करा."

घरी आल्यावर गुंडूनं कॅलेंडर काढलं. त्यावर एक तारीख लाल पेनानं गोल केलेली होती. तोच आठवडा.

"पंधरा दिस फुडं ढकलूया," तो म्हणाला. "रतन त्याच टायमाला व्याणार. तीन वर्सं थांबलीस, आनी पंधरा दिसानं काय हुतंय?"

त्या दिवशी सकाळपासून चिमणाबाईच्या पोटात पाण्याचा घोटही टिकला नव्हता. अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं. पण संतापाला त्राण लागत नाही.

"तिला इचारून या," ती म्हणाली. "जावा की. म्हणावं, पंधरा दिस थांबतीस काय? ती थांबत आसंल तर मीबी थांबते."

गुंडूनं कॅलेंडर परत खिळ्याला अडकवलं.

"तिच्यापाशी तुमी ऱ्हावा. मी अनुजाला घिऊन जाते."

आणि ती गेली. जायच्या आधी अनुजाला तिखटाचा डबा, लोणच्याची बरणी, डाळीची पिंपं सगळं दाखवून ठेवलं. गावाला निघालेल्या बाईसारखं तिनं ते दाखवलं, पण मनातून ती भेदरून गेली होती. भूल दिल्यावर आपण उठलोच नाही तर घरात पहिली शोधाशोध मिठाची होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. अनुजानं रजा काढली. आदर्श दोन्ही वेळा येऊन गेला. गुंडू तासातासाला फोन करून अनुजाला विचारत होता, "काय म्हणतिया?" आणि लगेच, "हिकडं रतनची कास उतरलीय बग." ऐकणाऱ्यानं निम्मं निम्मं वाटून घ्यायचं.

ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी तिला एक्स-रेच्या पडद्यासमोर उभं करून परत ते पांढरं औषध पाजलं. पडद्यावर तिच्या छातीच्या आत औषधाची एक रेघ वरून निघाली आणि कुठं न थबकता सरळ खाली उतरली. तीन वर्षं जिथं घास अडकून बसत होता ती जागा आली कधी आणि गेली कधी हे तिला कळलंसुद्धा नाही. तिनं परत एक घोट मागितला. तपासणी झाली होती, गरज नव्हती. तिला फक्त परत बघायचं होतं. डॉक्टर बाईंनी दिला.

तिसऱ्या दिवशी गुंडू आला. हातात स्टीलचा डबा, सदऱ्याला शेणाचा डाग, दाढी वाढलेली.

"रतनला रेडी झाली," तो दारातनंच म्हणाला. मग आत येऊन त्यानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "टाकं कुटं हायती?"

"आतनं हाय सगळं. भाईर काय न्हाय."

गुंडूचा जरा हिरमोड झाला. भेटायला येणाऱ्या पावण्यांना आता दाखवायचं काय? त्यानं डबा उघडला. चिकाचा खरवस होता. आक्कानं भिंतीवरून सांगितला आणि यानं स्वतः वाफवला. जन्मात पहिल्यांदा. खालून करपला होता आणि गूळ एवढा होता की तेवढ्यात दोन डबे झाले असते. डॉक्टर बाई फेरीवर होत्या. त्यांनी मऊ आहे ना बघितलं, करपलेलं काढून टाकायला सांगितलं, ताठ बसून सावकाश खा म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडं गेल्या.

गुंडू स्टूल ओढून समोर बसला. चिमणाबाईनं चमचाभर तोंडात घातला. कुणी समोर बसून आपल्याकडं बघत असताना जेवायची तिला सवय नव्हती, त्यामुळं पहिला घास तिनं लाजतच गिळला.

"उतारला?"

"उतारला."

दुसरा घास. "उतारला?"

"व्हय की. दर घासाला इचारनार हायसा काय?"

गुंडूची नजर मात्र तिच्या गळ्यावरच होती. ती सावकाश खात राहिली. करपट वास होता, गूळ जास्त होता, आणि इतकं चांगलं आपण कधी खाल्लं होतं हे तिला आठवेना. बऱ्याच वेळानं चमचा डब्याच्या बुडाला लागल्याचा आवाज आला, तसा गुंडू पुढं वाकून डब्यात बघायला लागला. भल्या पहाटेपासून त्याच्या पोटात काही नव्हतं.

"मला ठिवलास न्हाय व्हय?"

चिमणाबाईनं डब्यात बघितलं. चौतीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिला कुणाला विचारायची वेळ रोज आली होती आणि तिनं तो एकदाही विचारला नव्हता.

"न्हाय," ती म्हणाली, आणि चमचा चाटून पुसून लख्ख केला.