पंच पाच, हात सहा

आमच्या तलावातल्या मासोळ्या एवढ्या मोठ्या, की एकदा एकीनं शेपटी आपटली तर तिकडे कामठ्यात लोकांनी छत्र्या उघडल्या. हे मी शपथेवर सांगतो. पुढचं शपथ न घेता सांगतो, कारण ते खरं आहे.

तलावाचं पाणी धानाला वाटून देण्यासाठी गावानं आम्हा पाच जणांना पंच नेमलं होतं. काम फुकटचं. दिवसभर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं राहायचं, भांडणं सोडवायची, शिव्या खायच्या आणि तोवर आपल्या धानाच्या बांधीत दुसऱ्याची म्हैस चरायची. त्या वर्षी पोळ्यानंतर पाऊस गेला तो फिरकलाच नाही. धान निसवायला आलेलं, तलावात पाणी बेताचं. शेवटच्या दोन-चार बांध्यांना ते पुरणार नाही, हे उघड दिसत होतं. तेव्हा आम्ही पंच मोहाच्या झाडाखाली बसलो आणि आमचा मेहनताना आम्हीच ठरवला : पहिलं पाणी पंचांना. सगळ्यांनी हात वर केले. मी दोन्ही केले. पंच पाच, हात सहा.

दुसऱ्या दिवशी मी तलावाचं तोंड उघडायला गेलो, तर पाटात एक बाई उभी. तिचा नवरा वारलेला, आणि अगदी खालच्या टोकाला तिची एकच बांधी. तेवढ्या धानावर तिचं आणि दोन लेकरांचं वर्ष निघायचं.

"बाजूला व्हा वहिनी, पानी सोडून राहिलो."

"कोनाच्या बांधीत?"

"पंचांच्या. तसं ठरलं."

"कोनं ठरवलं?"

"पंचांनी."

"वा भाऊजी! नवरदेव बी तुमीच, अन् भटजी बी तुमीच!"

"मंग आमी फुकट मरावं का?"

"फुकट कायले? घ्या ना. पन आमी देऊ ते घ्या. मासोळ्या वाटताना पाठ काऊन फिरवता मंग?"

उन्हाळ्यात तलाव आटला की आमच्याकडे ढिवर, म्हणजे मासे धरणारा, मासोळ्यांचे ढीग लावतो. एक जण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. ढिवर एका ढिगावर हात ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरा माणूस नाव घेतो, आणि तो ढीग त्याचा. कुणाची तक्रार नाही. माझी जीभ वाघालासुद्धा गप्प करते, पण त्या दिवशी मी तलावाचं तोंड बंदच ठेवलं आणि गावाला बोलावलं.

गाव जमलं. पाण्याच्या पाळ्याही तशाच वाटायचं ठरलं. ढिवरानं तलावाच्या पाळीवर मातीची ढेकळं ओळीनं मांडली; पहिलं ढेकूळ ती पहिली पाळी. पाठ करायला मलाच उभं केलं. मी काही साधू नव्हतो. ढिवराच्या कानात आधीच सांगून ठेवलं होतं, "पहिल्यावर हात ठेवशील तेव्हा खोक."

तो प्रामाणिकपणे खोकला. असा खोकला, की मोहावरचे पोपट देवरीच्या जंगलात जाऊन बसले. "हे कोनाचं?"

माझं नाव ओठावर होतं. पण ढेकळांकडे पाठ केली म्हणजे तोंड शेतांकडे होतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. समोर अगदी टोकाला तिची बांधी, फिकी पडलेली. इतकी वर्षं पाळीवर उभा राहिलो, पण तोंड कायम पाण्याकडे. मी तिचं नाव घेतलं.

माझी पाळी शेवटून दुसरी आली. अर्धं धान पोचट निघालं. बायको म्हणाली, "अवो, दोन हात वर केले होते ना? घ्या, दोनी रिकामे." मळणीला मात्र गावानं आपण होऊन पंचांना घरटी एक सूप धान दिलं. आम्हाला हवं होतं त्याहून कमी. पण खाली मान घालून घ्यावं लागलं नाही. त्या वहिनीनंही आणलं, सूप काठोकाठ भरून.

पुढे इंग्रज जायच्या बेतात असताना एक पुढारी मोटारीनं मतं मागायला आला. मी विचारलं, "साहेब, तुमचा भत्ता कोन ठरवते?"

"आम्हीच. सभेत, सगळ्यांसमोर."

"तिथं बसल्यावर तुमची तोंडं कोनाकडे असतात?"

"एकमेकांकडे," तो हसून म्हणाला.

मी त्याला पाळीवर नेलं आणि तलावाकडे पाठ करून उभं केलं. टोकाला वहिनीच्या बांधीत तिचा मोठा मुलगा धान कापत होता. पुढाऱ्यानं क्षणभर पाहिलं, मग घड्याळ पाहिलं. मी खोकलो. त्याला काही कळलं नाही.