एकानं पुढं

आमच्या गावच्या चहाच्या ठेल्यावर आजवर कोणतीही टीम साधी हरलेली नाही. ती कोणामुळे तरी हरते, आणि तो माणूस तिच्यातलाच असतो. आंधळगावच्या रस्त्याला, शाळेच्या थोडा अलीकडे हा ठेला आहे. मे महिन्यात टीव्हीवर क्रिकेटचे प्लेऑफ सुरू झाले की सकाळी सातपासूनच तिथे खटला उभा राहतो. आदल्या दिवशी कोणी शेवटच्या षटकात उगाच लांब हाणायला जाऊन झेल दिलेला असतो, कोणी घाबरून एकेक धाव काढत बसलेला असतो. आरोपी तिकडे मोठ्या शहरातल्या हॉटेलात झोपलेला, निकाल इकडे लागतो: कच खाल्ली. वकील आम्हीच, न्यायाधीश आम्हीच, आणि जन्मात बॅट हातात न धरलेले साक्षीदारही आम्हीच.

या कोर्टाचे मोठे साहेब म्हणजे आमच्या गावचे निवृत्त कंडक्टर. नोकरीत असताना बसमध्ये जेवढं बोलायला मिळालं नाही तेवढं ते आता ठेल्यावर बोलून घेतात. त्यांचा सिद्धान्त ठरलेला आहे. "दुनियेत दोनच खेळाडू असतात गा. एक ऐन वक्तावर उभा रायते, एक ऐन वक्तावर बसते. तिसरा नाई." आणि एवढं बोलून झाल्यावर पुरावा म्हणून ते कुणा नावाजलेल्या खेळाडूचं नाव घेत नाहीत. नुसते दोन्ही हात वर करतात. ठेला हसतो. कोणाबद्दल आहे ते सांगावं लागत नाही.

मी त्या वेळी चहाच्या कपात बघतो. अकरा वर्षं बघतो आहे.

ज्याच्यासाठी ते हात वर होतात तो माझा मित्र. पहिलीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. तो पुढे कबड्डीत गेला, मी मास्तरकीत. गावच्या टीमचा तो मुख्य चढाईपटू होता, आणि त्याचे वडील म्हणजे त्या टीमचा जीव. तळ्याखाली त्यांची धानाची बांधी होती. तरुणपणी तेही खेळलेले. मुलाचा सामना असला की कापणी अर्धी टाकून येत आणि लाईनजवळ उकिडवे बसत. ओरडत कधीच नसत. मुलगा चढाई करून परतला की नुसती मान हलवत, आणि मुलगा सगळ्या टाळ्या सोडून त्या मानेकडे पाहत असे.

त्या वर्षी मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या जत्रेला, गावात कबड्डीचे सामने ठेवले होते. मला गावच्याच शाळेत लागून तीन महिने झाले होते. गणित शिकवत होतो. अक्षर चांगलं आणि बेरीज पक्की म्हणून गुण लिहायचं काम मंडळाने माझ्याकडे दिलं. टेबल, खुर्ची, कागद, आणि बाजूला एक लाकडी फळा. फळ्याला खिळे ठोकलेले, त्यावर आकड्यांचे पत्रे अडकवायचे.

अंतिम सामना दुपारी चारचा. समोर शेजारच्या गावाची टीम. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आपण दोन गुणांनी पुढे होतो. त्यांचा गडी चढाईला आला, आपला एक गडी मारून परत गेला. हे सगळ्यांनी पाहिलं. पण पंचांनी त्याला बोनसही दिला, आणि आपला दुसरा एक गडी लाईनबाहेर गेला म्हणून तोही बाद धरला. म्हणजे एक नाही, तीन गुण. मैदानावर एकच गलका झाला. लोक आत घुसू लागले. गुण लिहिणाऱ्याने काय करायला हवं होतं? खाली बसून पंच काय सांगतात ते ऐकायला हवं होतं. मी खुर्चीवर उभा राहून बोनस कसा नाही होत म्हणून भांडत होतो. पोटात गाव शिरलं की हातातली लेखणी कशाला आठवते!

तेवढ्यात माझा मित्र टेबलापाशी आला. शेवटची चढाई त्याची होती. घामाने निथळत होता.

"एकानं पुढं ना आपण?" त्याने विचारलं.

"हो, एकानं," मी म्हणालो. "सांभाळून ये."

तो गेला. मी खुर्चीवर बसलो, आणि पंच माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "तीन लिहा गुरुजी. तीन दिले आहेत."

दोनने पुढे, त्यातून तीन गेले. चौथीतल्या पोराचं गणित. आपण एकानं मागे होतो.

मी मान वर केली तर चढाई सुरू झाली होती. त्याने नियमापुरती आतली रेषा ओलांडली, दोन पावलं खेळवली आणि मध्यरेषेजवळ येऊन वेळ काढू लागला. पुढे असलेल्या टीमचा शहाणा गडी तेच करतो. गुण कशाला मागायचा, जीव सांभाळून परत यायचं. लोक चहूकडून ओरडत होते, "मार! मार!" पण लोक तर पहिल्या मिनिटापासून तेच ओरडत होते. समालोचकाला पंचांनी शेवटच्या मिनिटापुरतं गप्प बसवलं होतं. त्याचा माईक माझ्या टेबलावर पडलेला होता, माझ्या हाताजवळ. पंधरा सेकंद तरी असतील. मी माईककडे पाहिलं, पंचांकडे पाहिलं, आणि नुसता बसलो. आज कोणी विचारलं की तेव्हा तुझ्या मनात काय होतं, तर मला सांगता येत नाही. काहीच नव्हतं. अंगाला हात आहेत हेच विसरलो होतो.

शिट्टी वाजली. तो मध्यरेषा ओलांडून आपल्या बाजूला आला, आणि त्याने दोन्ही हात वर केले. जिंकल्यासारखे. पलीकडे त्यांची टीमही नाचत होती. क्षणभर दोन्ही टीम जिंकलेल्या होत्या. मग त्याने फळ्याकडे पाहिलं. मी नवा पत्रा अडकवत होतो.

गावाला शब्द सापडायला किती वेळ लागतो? त्याच दिवशी ठेल्यावर कंडक्टर म्हणाले, "पोरानं हात वर केले ना बापा!" आणि ते अख्ख्या गावाला पटलं. ऐन वेळी ज्याचं अवसान गळतं तो हात वरच करतो. कोणाचा मोटारपंप सुरू होईना, दोन्ही हात वर. कोणाचा मुलगा बारावीत नापास, दोन्ही हात वर. मंडईत तो दिसला की मागून कोणीतरी हात वर करायचंच. तो काही म्हणत नसे. आपण पुढे आहोत असं वाटलं, हे सांगणं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं, हे त्यालाही कळत होतं. आणि मी तर मूग गिळून बसलो होतो.

पण एका माणसाला त्याने सांगितलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी त्याचे वडील माझ्या दारात आले. मी शाळेत जायला निघालो होतो, डबा हातात होता. त्यांनी चप्पल बाहेर काढली, पण आत आले नाहीत. उंबऱ्याशी उभे राहिले.

"बाबू, एक गोष्ट विचाराची होती. पोरगा म्हणते, तुनं त्याले पुढं हाये म्हणून सांगतलं. खरं हाये का?"

आई मागे चुलीपाशी ऐकत होती. बाहेर दोन पालक पोरांना घेऊन शाळेकडे चालले होते. मला एकच दिसलं: उद्या ठेल्यावर म्हणतील, ज्याला दोनातून तीन जात नाहीत तो आमच्या पोरांना काय गणित शिकवणार. तीन महिन्यांची नोकरी. माणूस किती लहानशा गोष्टीला भितो ते मागे वळून पाहिलं की स्वतःचीच किळस येते.

"नाही जी काका," मी म्हणालो. "मी त कागदात मान घालून होतो. गलक्यात त्याले दुसरं काई आयकू आलं असन."

त्यांनी माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं. मास्तर कायले खोटं बोलन." चप्पल घातली आणि गेले. आईने चहा ठेवला होता, तो तसाच राहिला.

त्या दिवशी त्यांच्या घरी काय झालं ते मला शेजाऱ्यांकडून कळलं. वडिलांनी मारलं नाही, शिवी दिली नाही. एवढंच म्हणाले, "हरला तं हरला. लबाड काहून झाला?" महिन्याभरात माझा मित्र नागपूरकडे एका कारखान्यात कामाला लागला. सणावाराला यायचा, दोन दिवस राहून जायचा. वडील पुन्हा कधी कबड्डी पाहायला आले नाहीत. मी रस्त्यात भेटलो की तेच आधी नमस्कार करत, "या गुरुजी" म्हणत. ते "गुरुजी" मला पायात काटा मोडल्यासारखं सलायचं. तरी दरवेळी वाटे, पुढच्या वेळी सांगू. नोकरी पक्की झाल्यावर सांगू. लग्न झाल्यावर सांगू. मग लग्नही झालं, आणि सांगायला इतका उशीर झाला की उशीर हेच कारण झालं.

या मे महिन्यात ते गेले. बांधीवर गेले असताना ऊन लागलं, दोन दिवसांत आटोपलं.

तिसऱ्या दिवशी ठेल्यावर प्लेऑफचा खटला चालू होता. शेवटच्या षटकात कोणीतरी नुसती बॅट लावत बसला होता. कंडक्टर सवयीने बोलले, "ऐन वक्तावर बसला," आणि हात वर केले. गावात मौत होऊन तीन दिवस झाले होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"खाली करा ते हात," मी म्हणालो. "त्याने कच नाही खाल्ली. मी त्याला एकानं पुढं आहे म्हणून सांगितलं होतं. आपण मागं होतो. चूक माझी होती." आणि सगळं सांगितलं. माईकसकट.

मला वाटलं, आता शिव्या देतील. खरं सांगतो, शिव्या हव्याच होत्या मला. कप खाली ठेवून कंडक्टर म्हणाले, "पण गुरुजी, अस्सल खेळाडू कोनाले विचारत नाई. त्याले सोता माहीत पायजे स्कोर काय हाये तं."

"हो नं," ठेलेवाला म्हणाला. "फळा समोरच होता ना."

"फळ्यावर जुना आकडा होता, मी बदललाच नव्हता!"

"मंग मारून याचं ना. पुढं असो का मागं असो. जिगर असते त्याची मारते."

आणि वाद लागला. पुढे असताना मारायला जावं की वेळ काढावी. अर्धे इकडे, अर्धे तिकडे. मी अकरा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट त्यांना दहा मिनिटांच्या चहाला पुरली. मी उठलो तेव्हा माझ्याकडे कोणाचं लक्षही नव्हतं.

तेरवीला गेलो. मांडवात पंगत बसली होती. माझ्या मित्राचं डोकं भादरलेलं, त्याने अंगाने वडिलांची चण घेतली आहे हे मला प्रथमच दिसलं. तो स्वतः वरण वाढत फिरत होता. माझ्यासमोर आला, "घ्या गुरुजी" म्हणाला, वाढलं, पुढे गेला. गुरुजी! एका बाकावर बसलेला माणूस.

जेवून घरामागे हात धुवायला गेलो तर तो तिथे बादली घेऊन उभा होता. येणाऱ्याच्या हातावर तांब्याने पाणी घालत होता. मी हात पुढे केले.

"त्या दिवशी मी हो म्हणालो होतो," मी म्हणालो. "तू बरोबर ऐकलं होतंस."

"मले माईत हाये," तो म्हणाला. पाण्याची धार थांबली नाही. "मीच तं आयकलं."

"ठेल्यावर सगळ्यांना सांगितलं मी. मागच्याच आठवड्यात."

त्याने तांब्या बादलीत बुडवला, पुन्हा भरला. रागावलेला दिसत नव्हता. थकलेला दिसत होता.

"ठेल्यावर कायले सांगतलं?" तो म्हणाला. "ठेल्यावरचे तुले विचाराले नोते आले. बाबा आले होते."

माझ्यामागे हात धुणाऱ्यांची रांग लागली होती. मी बाजूला झालो.