चांगुणाबाईंच्या गिरणीतला साताचा आकडा

राहुरीहून आमच्या गावाकडे येताना कालव्याच्या अलीकडे चांगुणाबाईंची पिठाची गिरणी लागते. नवरा गेल्यापासून त्याच ती चालवतात. दळण टाकलं की पडणारं पहिलं पीठ त्या दोन बोटांत चोळून बघतात. जाड वाटलं, तर गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत दळणाचं चाक आवळलेलं असतं. एवढं सरळ वागणाऱ्या बाईला कुणी फसवावं, हे आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

त्यांची मुलगी अश्विनी माझी विद्यार्थिनी. वर्गाचा नकाशा काढायला सांगितला, तर हिने मोडक्या बाकाखाली ठेवलेली वीटसुद्धा दाखवली होती. पुढे बांधकामाचा डिप्लोमा झाला. केडगावातल्या एका घरं आखणाऱ्या ऑफिसने तिला घ्यायचं कबूल केलं. लॅपटॉप स्वतःचा हवा, आणि त्यावर आखणीच्या सॉफ्टवेअरमध्ये नमुन्याचं एक घर उभं करून शनिवारपर्यंत पाठवायचं. नाही पाठवलं तर जागा दुसऱ्याला.

मायलेकी नगरला दुकानात गेल्या. एकाच किमतीचे दोन लॅपटॉप समोर आले. एकावर आय-थ्री प्रोसेसरचं लेबल, दुसऱ्यावर आय-सेव्हनचं, शिवाय स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचं. अश्विनीने विचारलं, "हा सेव्हन कितव्या पिढीचा आहे?"

"पिढ्या लग्न जमवताना बघतात, ताई!" दुकानदार हसला आणि आईकडे वळला. "मावशी, गिरणी चालवता ना? मग तुम्हीच सांगा, तीनची मोटार ओढेल का सातची?"

"सातचीच की!" चांगुणाबाईंनी जन्मभर मोटारी हॉर्सपॉवरचा आकडा बघूनच घेतल्या होत्या. पोरीने बाही ओढली, तर त्या म्हणाल्या, "गप गं. भाऊ काय खोटं बोलतोय व्हय?"

घरी लॅपटॉपची पूजा झाली. नव्या मोटारीला लावतात तशी झाकणावर हळद-कुंकवाची बोटं उमटली, नारळ फुटला. अश्विनी कामाला बसली. भिंती उभ्या राहिल्या, छप्पर चढवायला घेतलं आणि पडदा गोठला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. नव्या सॉफ्टवेअरला ते ग्राफिक्स कार्ड ओळखताच येत नव्हतं. तिने प्रोसेसरचा पूर्ण नंबर शोधला, तेव्हा कळलं, हा चौथ्या पिढीचा. ती दुसरी-तिसरीत असतानाचा. दुकानातला आय-थ्री होता तो अलीकडचा. त्याला वेगळं कार्ड नव्हतं, ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटातच, पण या जुन्या कार्डापेक्षा बरं.

"म्हंजी मोटार सातची, पन गंजल्याली," चांगुणाबाई म्हणाल्या आणि गिरणीला कुलूप लावून माझ्याकडे आल्या. "गुर्जी, संगं चला. माझ्यापायी पोरीची नोकरी जाया नको."

आम्ही तिघं नगरला गेलो. दुकानदाराने झाकण पाहिलं आणि हात मागे घेतला. "कुंकू लागलेली वस्तू परत होत नाही, मावशी. नियम आहे."

मी त्याच्या गल्ल्याकडे पाहिलं. त्यावर ताजं स्वस्तिक होतं. लोकांची श्रद्धा यांना परतीची वस्तू नाकारायला तेवढी उपयोगी पडते! मी बोलणार होतो, पण चांगुणाबाईंचा आवाज आधी चढला.

"नियम ऱ्हाऊ दे. माझ्या गिरणीत लोक मोटार बघत न्हाईत, पीठ बघत्यात. अश्विने, तुझं घर ह्याच्यावर उघड. आन त्या तीनवर बी उघड."

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. त्यांतला एक जण मुलीसाठी तसाच आय-सेव्हन हातात धरून उभा होता. तो पुढे सरकला. "उघडा की हो, आम्हालाही बघू द्या." आता दुकानदाराला नाही म्हणता येईना.

अश्विनीने सॉफ्टवेअर चढवलं. तीनवर घर आलं, फिरलं, छप्पर बसलं. सातवर नुसता पंखा घोंघावत राहिला. त्या माणसाने हातातला लॅपटॉप काउंटरवर ठेवला.

"घ्या बदलून," दुकानदार पुटपुटला. "उगाच तमाशा नको."

आम्ही पायरी उतरलो, तोवर त्याने फडक्याने कुंकू पुसून तोच लॅपटॉप पुन्हा काचेमागे मांडला होता. लेबल पुढे करून! माझा तोल गेला. "अहो, लाज वाटते का?" मी ओरडलो. चांगुणाबाई ओरडल्या नाहीत. तरातरा आत गेल्या आणि नखाने ते आय-सेव्हनचं लेबल सोलून काढलं.

"ओ मावशी, हे काय?"

"लेकरांस्नी फसवाया हे लेबल लावतोस व्हय रं? आता कितवी पिढी ते तोंडानं सांग!"

अश्विनीचं घर शुक्रवारीच केडगावला गेलं. आता ती तिथे कामाला जाते. ते लेबल गिरणीतल्या काट्यावर चिकटवलंय. दळण घेऊन येणारा कुणी लॅपटॉपचं नाव काढो, चांगुणाबाई पिठाचा हात त्यावर ठेवतात आणि पहिल्यापासून सांगायला लागतात. दुकान कुठलं, तेही सांगतात. मी त्यांना कधी थांबवत नाही.