गाडीची पाठ

आमचा जपान मिस्त्री इंजिनाचा आवाज दातानं ऐकायचा. थट्टा नाही करत. हातभर लांबीचा पेचकस घ्यायचा, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचा, लाकडी मूठ दातात धरायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. लढाईत ब्रह्मदेशात तोफेनं त्याचा एक कान पुरा नेला होता आणि दुसरा अर्धाच ठेवला होता. पण मूठ दातात धरली की त्याला सगळं कळायचं. नवीन गिऱ्हाईक घाबरायचं. "काय झालं मिस्त्री?" असं विचारलं तर हा तोंडातली मूठ न काढता हात वर करायचा, थांब म्हणून. मग मूठ काढून पँटीला पुसायचा आणि सांगायचा, "इंजिनाच्या तिसऱ्या घरात खोकला हाये."

त्याचं खरं नाव महादेव. ते फक्त रेशनकार्डावर होतं. लढाईत तो फौजेचा ड्रायव्हर होता आणि तिकडच्या जंगलात यांच्या तुकडीला जपान्यांनी सोडून दिलेला एक ट्रक सापडला. बाकीचे शिपाई ट्रकमध्ये खाण्याचे डबे शोधत होते, हा बॉनेट उघडून आत डोकं घालून बसला. तुकडी पुढे निघून गेली तरी याला पत्ता नाही. त्याबद्दल शिक्षा झाली, पण ते इंजिन त्याच्या डोक्यात कायमचं बसलं. पुढे अकोल्याला जुन्या शहरात त्यानं पत्र्याचं गॅरेज टाकलं तेव्हा दर दोन वाक्यांमागे एक वाक्य ठरलेलं असायचं, "जपानी माणूस असता तं त्यानं हे अर्ध्या लोखंडात केलं असतं." म्हणून जपान. पोरंटोरं तोंडावर म्हणायची, त्याला राग नव्हता.

माझं दुकान त्याला लागून. गाड्यांची सीटं आणि हूड शिवायचं काम. मी चौथी शिकलेला माणूस, सुई-दाभण चालवलं, पेन फारसं चालवलं नाही. माझी मंडळी सुभद्रा दुकानातच बसून किनारी शिवायची. गेल्या साली ती गेली. जपान मिस्त्रीला जाऊन तर किती तरी वर्षं झाली. पण त्याच्या एका गोष्टीवरून आम्ही नवराबायको तिच्या शेवटच्या दुखण्यापर्यंत भांडत होतो.

जपानला बंद असलेली कोणतीही वस्तू सहन होत नसे. "पाहू तं खरं," म्हणायचा आणि उघडायचा. लोकांची घड्याळं उघडली, सुभद्राचं शिवणयंत्र उघडलं. एकदा तर देवळातली बाजाची पेटी उघडली. संध्याकाळचं भजन सुरू व्हायचं होतं, मंडळी जमली, आणि पेटीच्या पट्ट्या सतरंजीवर मांडलेल्या. पुजारीबुवा लाल झाले. "काहून रे बाप्पा, तुले देवाची तरी लाज हाये का नाई?"

जपान म्हणाला, "बुवा, हिच्यात हवा कुठून जाते थे मले पाहायचं होतं."

"मंग दिसली का?"

"हवा कशी दिसन? पण उंदराचं घर दिसलं."

भजन त्या दिवशी टाळांवरच झालं.

डॉक्टर, वकील, कापसातली सरकी काढायच्या जिनांचे शेठ आपल्या गाड्या त्याच्याकडे आणायचे. नुसती दुरुस्त नको, पळती पाहिजे. शंकरपटात, म्हणजे आपल्याकडच्या बैलजोड्यांच्या शर्यतीत, ज्यांचे बैल धावायचे त्यांना मोटारही तशीच लागायची. जपान इंजिनाचं हेड घासून पातळ करायचा, स्प्रिंगा बदलून गाडी जमिनीला टेकवायचा, एकाच्या जागी दोन कार्बोरेटर बसवायचा. त्याचं म्हणणं होतं, "नांगराचा बैल अन् पटाचा बैल, आईच्या पोटातून सारखेच येतात. पुढचं मालकाच्या हातात हाये." कापसाच्या हंगामात हवेत एवढा कापूस उडायचा की गाडीला दम लागायचा. तो सुभद्राच्या जुन्या लुगड्याचा तुकडा कार्बोरेटरच्या तोंडाला बांधायचा. ती म्हणायची, "मिस्त्रीभाऊ, अर्ध्या अकोल्याच्या गाड्या माह्या लुगड्यातून श्वास घेऊन रायल्या."

साठ साल उलटून गेलं होतं तेव्हाची गोष्ट. एका जिनात जपानी यंत्र आलं. ते बसवायला मदत म्हणून जपानला बोलावलं होतं. यंत्र लाकडी खोक्यात होतं आणि खोक्यात भर म्हणून चुरगाळलेले कागद कोंबले होते. त्यातला एक कागद तो छातीशी धरून आला. सुभद्राच्या इस्त्रीखाली सरळ करून घेतला. रंगीत चित्र होतं. दोनच माणसांची, बसकी, लांब नाकाची लाल मोटार. खाली मुंग्या चालाव्यात तशी जपानी अक्षरं. पण कागद फाटलेला. मागच्या चाकापाशी गाडी संपत होती.

"पाहू तं खरं," जपान म्हणाला, आणि आम्हाला कळलं की आता हा ही मोटार उघडणार. उघडायला गाडी नव्हती, म्हणून त्यानं ती करायलाच घेतली.

फौजेच्या लिलावातली एक जीप त्याच्याकडे पडून होती. तिचा सांगाडा घेतला. ऑइलच्या पिंपांचा पत्रा सरळ करून, वाळूच्या पोत्यावर ठोकून ठोकून ते लांब नाक उभं केलं. चित्रात पुढच्या दोन्ही चाकांच्या वर, पार पुढे, दांडीवर दोन चकत्या दिसत होत्या. जपान म्हणाला, हे दिवे. सायकलीचे दोन दिवे आणून त्यानं तिथे बसवले. बघणारे म्हणायचे, शिंगं फुटली. सीटं मी शिवली, लाल रेक्झिनची. अशी शिवण मी पुन्हा कधी घातली नाही.

मागच्या चाकापर्यंत गाडी आली आणि थांबली. मागे नुसता सांगाडा. मी म्हटलं, "लाव ना बे काहीतरी पत्रा."

"काहीतरी कसा लावू? त्या माणसानं काहीतरी विचार केला असन ना?"

मग त्याला एकच ध्यास लागला. जो भेटेल त्याला चित्र दाखवून विचारायचं, "ही मागून कशी असते?" मुंबईहून आलेल्या डॉक्टरला विचारलं. आगगाडीच्या गार्डाला विचारलं. कोणी म्हणे मागे पंख असतात, कोणी म्हणे माशाचं शेपूट. एका वकिलानं तर मागेही नाकच असतं असं शपथेवर सांगितलं. अमरावतीला शेतकी प्रदर्शन भरायचं, त्यात हौशी लोकांच्या मोटारी मांडायचे. त्यात आपली गाडी उभी करायची एवढं एकच त्याला हवं होतं. पण तिथल्या कारभाऱ्यानं निरोप धाडला होता, अर्धी गाडी आणू नका. एक हंगाम तसाच गेला. दुसरा आला. गाडीच्या सांगाड्यावर कोंबड्या बसायला लागल्या आणि जपान जेवायचा कमी झाला. त्याला बायकापोरं नव्हती, जेवायला आमच्याकडेच असायचा, म्हणून ते सुभद्राच्या ध्यानात आलं.

एक दिवस त्याच्या ताटात भाकर वाढता वाढता ती म्हणाली, "मिस्त्रीभाऊ, गाडी येते तवा कोणी पाहत नाई. जाते तवाच पाहतात."

"म्हणजे कसं वयनी?"

"माहा भाऊ मले भेटून माघारी जाये, तवा मी दारात उभी राहून त्याची दमणी दिसेनाशी होईपर्यंत पाहो. तोंड कुठं दिसते? पाठच दिसते. दमणीची पाठ किती चांगली असते. वरून कमान, खाली आत गेलेली, अन् मधात लटकता कंदील. तशी करा. जपान्याले कोण सांगायला जाते?"

जपाननं भाकर तशीच ठेवली आणि उठला. "जेवा तं खरं," ती ओरडत राहिली.

दमणी म्हणजे आपल्याकडची माणसं नेणारी हलकी बैलगाडी, आता कोणाला दिसत नाही. जपाननं पत्रा ठोकून तशी कमान काढली, खाली पत्रा आत वळवला, आणि मधोमध एकच लाल दिवा खाली लोंबता ठेवला. कमानीवरचं कॅनव्हास मी शिवलं आणि किनार सुभद्रानं. मी ती गाडी मागून पाहिली, एक फेरी मारली आणि पुन्हा मागेच येऊन उभा राहिलो. इतकी चांगली होती.

अमरावतीला आम्ही तिघं निघालो. जपान चालवत होता, सुभद्रा शेजारी, आणि मी मागे दमणीत बसतात तसा पाय सोडून. बोरगावात पारावरची माणसं उठून उभी राहिली. एकजण ओरडला, "ओ मिस्त्री! तोंड विलायतेचं अन् बुड बोरगावचं!"

जपानला नीट ऐकू गेलं नाही. "काय म्हणते थो?"

सुभद्रा म्हणाली, "चांगली हाये म्हणते."

मैदानात मोठ्या लोकांच्या चकचकीत मोटारींच्या रांगेला शेवटी आमची गाडी उभी राहिली. दुपारी एक साहेब आले. कुठल्याशा गिरणीचे, जपान देशात जाऊन आलेले. त्यांनी गाडी पाहिली आणि थबकले. "अरे, ही गाडी मी तिकडे पाहिली आहे!" मग पुढच्या चाकांवरच्या सायकलच्या दिव्यांवर बोट ठेवून हसले. "पण हे दिवे नसतात हो. आरसे असतात, मागचं दिसायला."

जपाननं कपाळावर हात मारला. पण त्याचा चेहरा उजळला, कारण हा माणूस खरंच गाडी पाहून आलेला होता. त्यानं साहेबांचा हात धरला आणि ओढत मागे नेलं. दोन हंगाम विचारलेला प्रश्न त्यानं अगदी हळू आवाजात विचारला. "साहेब, मागून अशी असते का?"

साहेबांनी गाडीची पाठ पाहिली. मग जपानकडे पाहिलं. मग म्हणाले, "अशीच. अगदी अशीच."

मला वाटलं जपान नाचेल. तो नुसताच गाडीत जाऊन बसला. परत येताना मूर्तिजापूर आलं. मग गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवली आणि म्हणाला, "अशीच असते तं मंग म्या काय केलं? वयनीनं काय केलं? सगळं त्या जपान्यानं आधीच करून ठेवलं व्हय?"

सुभद्रा म्हणाली, "साहेब खोटं बोलला."

"काहून?"

"तुमचं तोंड पाहून. लेकरावानी त्याच्या तोंडाकडं पाहून रायले होते तुमी. थो बिचारा काय सांगन?"

मी म्हटलं, "तू स्वतः खोटं बोलतेस म्हणून तुले सगळे तसेच वाटतात. आरशाचं त्यानं खरं सांगितलं ना?"

"आरसे समोर असतात. समोरचं समदे पाहतात."

जपान आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहत होता. मग हसायला लागला. एवढा हसला की त्याला खोकला आला. "पाहू तं खरं," म्हणाला, "कधी तरी कळन."

नाही कळलं. तो त्या गाडीतून आणखी काही वर्षं फिरला. दिवे काढून आरसे लावले, पाठीला हात लावला नाही. एक आठवडा म्हणायचा साहेब खरा, दुसऱ्या आठवड्यात म्हणायचा वहिनी खरी. छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला तेव्हाही सुभद्रा पेज घेऊन गेली की हाच विषय. तो गेला तेव्हा सुभद्रा जितकी रडली तितकी सख्ख्या भावासाठी रडली नव्हती. गाडी त्याचा भाचा चांदूर बाजारला घेऊन गेला. इंजिन काढून विहिरीवर बसवलं आणि पत्रा मोडीत गेला. मी त्याला बोललो नाही. शेतकऱ्याला पाणी लागतं.

आम्हा दोघांचं भांडण मात्र चालू राहिलं. मी म्हणायचो साहेब खरा. ती म्हणायची, पुरुषमाणसाले कोणी चांगलं म्हटलं की खरंच वाटते.

परवा मुलगा अमरावतीहून आला होता. फोनवर जुन्या मोटारींची चित्रं पाहत होता. मी म्हटलं, जपानी दाखव, जुनी, दोन माणसांची, चाकावर आरसे असलेली. त्यानं एकामागून एक काढली आणि मी एकीवर बोट ठेवलं. तेच नाक. पन्नाससाठ वर्षांनीही ओळखलं.

"हिची पाठ दाखव," मी म्हटलं.

त्यानं दाखवली. सपाट पत्रा. दोन बाजूंना दोन बारीक दिवे. कमान नाही, काही नाही. आमच्या गाडीपुढे अगदी गरीब दिसत होती ती. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि मोठ्यानं हसलो.

"काय झालं बाबा?"

"तुही आई बरोबर होती," मी म्हटलं.

"कशाबद्दल?"

त्याला काय सांगू? हे ऐकल्याबरोबर ज्यांनी चूल, अवजारं टाकून धावत यावं, अशी माणसं जगात दोनच होती.