गाडी झोपेपर्यंत

नांदेडला आमच्या दारात उभ्या उभ्याच गाडीची बॅटरी उतरायची. नवी टाकली, तरी तेच. शेवटी लोहा गावाकडचा एक वायरिंगवाला आला. त्यानं बॅटरीला मीटर जोडला, गाडी लॉक केली आणि सरळ पायरीवर येऊन बसला.

"आता काय?" मी विचारलं.

"हळू बोला, काका. गाडीला झोपू द्या. दाराला हात लावला की जागी व्हते." घरात तान्हं लेकरू असावं तसा तो बोलत होता. "ती झोपली की मग कळतंय, आत कोण जागं हाय."

आम्ही दोघं बराच वेळ बसून राहिलो. बायको गेल्यापासून त्या पायरीवर माझ्याजवळ कुणी एवढा वेळ बसलं नव्हतं.

मग तो उठला आणि मीटर बघत एकेक फ्यूज काढत गेला. आतल्या दिव्यांच्या फ्यूजला आकडा झर्रकन खाली आला. त्यानं दार उघडून माझ्या शेजारच्या सीटसमोरची उन्हाची झडप खाली ओढली. तिच्यातल्या आरशाचं झाकण ढिलं होऊन उघडं राहिलं होतं आणि आतला बारका दिवा जळत होता.

"हितं कोण बसतंय?"

"बसायची," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. झाकण हलक्या हातानं मिटलं, वर काळी चिकटपट्टी लावली, अंगठ्यानं दाबून धरली आणि थोड्या वेळानं निघून गेला.

आता बॅटरी उतरत नाही. त्याला बोलवायला काही कारणच उरलं नाही.

काल मी ती चिकटपट्टी काढून टाकली.