टेलरबाईंच्या नडगीवरची पट्टी

टेलरबाईंची जीभ त्यांच्या कात्रीहून धारदार, असं अख्खी गल्ली म्हणायची. धाकट्या जावेशी तर त्यांचं विळ्याभोपळ्याचं नातं. एकाच घरात राहायच्या, पण बोलायच्या भिंतीकडे बघून.

एका दुपारी तापलेली इस्त्री घसरली, ती थेट बाईंच्या नडगीवर. त्यात मधुमेह, जखम भरायचं नाव घेईना. सारखी झिरपायची. कापडी पट्टी वाळून मांसाला चिकटायची आणि काढताना बाईंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मुलगा परगावी, त्यामुळे हे काम धाकटीच्या गळ्यात पडलं.

"हळू गं! सूड उगवतेयस का?"

"तसं असतं तर इतकी वर्षं थांबले असते का, जाऊबाई?" धाकटी म्हणाली आणि चिकटलेली पट्टी पाण्याने भिजवू लागली.

महिना उलटला तरी फरक पडेना. मग तिने बाईंना जवळजवळ ओढतच मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सने पिंजलेल्या कापसासारखा मऊ तुकडा जखमेवर ठेवला.

"हे समुद्री शेवाळापासून बनवतात. जखमेतलं पाणी शोषून घेतं नि जेलीसारखं होतं. चिकटत नाही."

"शेवाळ? अहो, मला पायावर उभं राहायचंय, घसरून पडायचं नाहीये!"

धाकटी फिसकन हसली. मग बाईंनाही हसू आवरेना.

दोन दिवसांनी पट्टी बदलायची वेळ आली. बाईंनी डोळे मिटले, दात आवळले.

"काढ एकदाची."

"काढली की!"

बाईंनी एक डोळा किलकिला केला. पट्टी बुळबुळीत होऊन अलगद सुटली होती. उरलेलं सलाइनच्या पाण्याने वाहून गेलं. बाईंना रडूच कोसळलं. दुखलं नाही म्हणून. धाकटीने त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि नवी पट्टी लावली.

जादूबिदू काही झाली नाही. गोळ्या वेळेवर घ्याव्या लागल्या, गोड तोडावं लागलं, मध्येच ताप येऊन सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण जखमेच्या कडेने गुलाबी कातडी धरू लागली. झिरपणं थांबलं, तशी नर्सने साधी पट्टी दिली. पुढे तीही सुटली.

बाई पुन्हा मशीनवर बसल्या, तेव्हा कपड्यांचा ढीग साचला होता.

"अगं, जरा बटणं लावू लाग."

"मला कुठे येतं?"

"पट्टी तरी कुठे येत होती?"

धाकटीने सुई ओवली आणि पहिलंच बटण उलट्या बाजूने लावलं.