वर्ध्याच्या उन्हाळ्यात पाणी न पिणाऱ्या बायका

मे महिन्यात वर्ध्याला निघालेय म्हटल्यावर आमच्या सोसायटीत जो तो एकच सल्ला देत होता: भरपूर पाणी प्या. खालच्या मजल्यावरच्या काकांनी शिवाय खिशात कांदा ठेवायला सांगितलं. माझ्या एकाही पंजाबी ड्रेसला खिसा नाही, तेव्हा कांदा घरीच राहिला. पाण्याची मात्र मी चांगली जाडजूड, दोन लिटरची थंड बाटली घेतली आणि महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसले.

जायचं कारण सांगते. दोन वर्षांपूर्वीच्या पुरानंतर वर्धा नदीकाठच्या गावांत एक मोठी मदतसंस्था काम करते आहे. हातपंप दुरुस्ती, टँकर, संडास बांधणी वगैरे. या संस्थेला आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी स्त्री-पुरुष समानतेचं प्रशिक्षण हवं होतं, आणि मी गेली कित्येक वर्षं हेच करत गावोगाव हिंडते. शिवाय शेवटच्या दिवशी क्षेत्र समन्वयकाच्या जागेसाठी मुलाखती होत्या. निवड समितीत एक तरी बाई हवी असा त्यांच्या मुख्य कार्यालयाचा नवा नियम. समितीत बसण्याच्या दर्जाची एकही बाई त्यांच्याकडे नव्हती, म्हणून बाहेरून मागवली. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं, पण मला विदर्भ बघायचा होता.

गाडी दुपारी वर्ध्याला पोचली. स्टेशनाबाहेर पाय ठेवला तर भट्टीचं दार उघडल्यासारखी हवा अंगावर आली. रिक्षावाल्यानं पिपरी मेघेपर्यंत तीस रुपये सांगितले, पंचवीसवर तोडलं. संस्थेचं कार्यालय तिथल्या एका भाड्याच्या बंगल्यात आहे, पाहुण्यांची खोली वरच. कूलर होता, वाळ्याचा वास होता, आणि प्रकल्प व्यवस्थापक राऊत सर स्वतः पन्ह्याचा ग्लास घेऊन उभे होते. माणूस गोड बोलणारा, झब्बा कडक इस्त्रीचा. "मॅडम, आपल्याकडे लेडीज स्टाफला फुल्ल इज्जत आहे," ते म्हणाले. मी अजून काही विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फील्ड बघायचं ठरलं. वर्ध्याहून पुलगावचा रस्ता चांगला आहे, दोन्ही बाजूंना उघडी पडलेली काळी शेतं आणि मधूनच पळस, बाभळी. पुलगावात तर्री-पोहे खाल्ले. आठ रुपयांत नाक, डोळे, कान सगळं मोकळं होतं. तिथून संस्थेची जीप निघाली. चालक गफूरभाई, चार पुरुष कर्मचारी, आणि दोन बाया: वंदना आणि शालूताई. मला पुढची सीट दिली. पुरुष मधल्या बाकावर. या दोघी मागे, ब्लीचिंग पावडरच्या पोत्यांवर.

वंदना नाचणगावची, पुलगावला लागूनच तिचं घर. पस्तिशीची असेल. सावळी, सडपातळ, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. पहिल्या भेटीत "जयभीम ताई" म्हणाली आणि माझी पिशवी हातातून घेतली. पूर आला तेव्हापासून ती या कामात आहे. क्षेत्र समन्वयकाची जागा रिकामी झाल्यापासून ते कामही तीच करते आहे, पगार मात्र जुनाच. त्या जागेसाठी तिनं अर्ज केला होता. ती जागा मिळाली तर ही पहिली बाई समन्वयक असणार होती, आणि तिला ती मिळावी अशी माझी पहिल्याच तासात इच्छा झाली.

कारण तिचं काम मी बघितलं. नदीकाठच्या एका गावात संस्थेनं बांधलेले संडास होते. प्रत्येकाच्या दारावर निळ्या रंगात "तिचा सन्मान, तिचा हक्क" असं रंगवलेलं. एका दारात एका म्हाताऱ्यानं गोवऱ्या भरल्या होत्या. वंदनानं त्याला उन्हात उभ्या उभ्या असं काही गुंडाळलं की ज्याचं नाव ते! "बाबा, गोवऱ्या घरात ठेवा अन् सुनेले बाहेर धाडा, असं कसं चालन? तिले साप चावला तं गोवऱ्या जाळून राख लावसान का?" म्हातारा हसला आणि खरंच टोपली घेऊन गोवऱ्या काढायला लागला. बाकीचे चौघे पुरुष कर्मचारी लिंबाखाली बसून होते.

आता उन्हाचं सांगते. अकरा वाजेपर्यंत जीपचा पत्रा हात लावू देईना. मी दर दहा मिनिटांनी बाटलीला तोंड लावत होते. बाटली मागे सरकवली तर शालूताईंनी मान हलवली. वंदना म्हणाली, "नको जी ताई. तुमी प्या."

रस्त्यात गफूरभाईंनी जीप थांबवली. पुरुष उतरले, बाभळीमागे गेले, चेन ओढत परत आले. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. आम्ही तिघी तेवढा वेळ समोरच्या काचेतून रस्ता बघत बसायचो. तिसऱ्यांदा जीप थांबली तेव्हा मला पोटात कळ यायला लागली होती. मी मागे वळून हळूच विचारलं, "आपण कुठे जायचं?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. शालूताई म्हणाल्या, "म्हनूनच तं पाणी पेत नाई बाई. सकाळी घरून निघताना एक घोट, मंग घरी गेल्यावरच."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"अहो, पण गावात एवढे संडास बांधलेत की तुम्ही!"

वंदना म्हणाली, "काही घरी इचारते मी. काही घरी नाई इचारत. ज्या घरी मले पाणी वरून ओंजळीत ओततेत, त्याईच्या घरी संडास मांगाले जाऊ का?"

मी बाटलीचं झाकण लावलं.

दुपारी पुलगावच्या गोदामाशी जीप लागली. तिथे मागल्या बाजूला एक संडास आहे. त्याच्या दाराला कडी नाही, खिडकीला काच नाही, आणि भिंतीपलीकडे हमाल बिड्या ओढत बसलेले असतात. वंदना दाराबाहेर पाठ करून उभी राहिली तेव्हा मी आत जाऊ शकले. ती स्वतः गेली नाही. "मले लागलीच नाई," म्हणाली. लागेल कशी?

मग जेवताना कळलं. ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत आणि झणझणीत ठेचा, शालूताईंच्या घरून आलेला, इतकं चविष्ट जेवण या सबंध प्रवासात पुन्हा मिळालं नाही. त्या भाकरीबरोबर शालूताईंनी सांगितलं की गेल्या उन्हाळ्यात वंदनाला मुतखडा झाला होता, दवाखान्यात भरती करावं लागलं. वंदना ठेच्यात भाकर बुडवत शांतपणे म्हणाली, "डॉक्टर म्हने पाणी पेत जा. त्याले का जाते सांगाले. इथं बायाईसाठी संडास बांधा म्हनून सरांले तीनदा अर्ज देल्ला. पुढच्या बजेटमध्ये पाहू, म्हनतेत."

गावोगाव संडास बांधणारी ही संस्था. मी डोक्याला हात लावला.

तिसरा दिवस प्रशिक्षणाचा. कार्यालयाच्या हॉलमध्ये भिंतभर फ्लेक्स होता, "समानतेच्या दिशेने". राऊत सरांनी माझं नाव त्यावर मोठ्या अक्षरात छापलं होतं. मी तयारी केलेले सगळे तक्ते बाजूला ठेवले आणि एकच प्रश्न विचारला: काल दिवसभरात कोण किती पाणी प्यायलं? पुरुषांनी हसत हसत सांगितलं, चार लिटर, पाच लिटर. बायकांचं उत्तर आलं, एक घोट. एक तरुण कर्मचारी खरंच गोंधळून म्हणाला, "पण मॅडम, याईनं कधी सांगतलंच नाई." शालूताई पदर सावरत म्हणाल्या, "जीप थांबवून तू बाभळीमागं जात होता, तवा आमी काय भजन करून राह्यलो होतो का?" हॉल हसला. राऊत सरही हसले, सगळ्यात जोरात. मला वाटलं, काहीतरी हललं. किती खुळी मी.

संध्याकाळी सरांनी गोरसपाक बिस्किटांचा डबा दिला. वर्ध्याला गेलात तर हा जरूर आणा, तुपाचा खमंग असतो आणि टिकतो.

चौथ्या दिवशी सकाळी मुलाखती. समितीत राऊत सर, मुंबईच्या मुख्य कार्यालयाचे एक साहेब आणि मी. उमेदवार दोनच उरले होते. अमरावतीहून आलेला एक मुलगा, बोलायला चुणचुणीत, नदीकाठची गावं त्यानं नकाशावर पाहिलेली. त्याला विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता? मग वंदना आली. निळी साडी, केसांना तेल. मी गावांचं विचारलं, तिनं एकेका गावचं सांगितलं, कुठला पंप आटतो, कुठली समिती भांडते. मुंबईचे साहेब लिहून घ्यायला लागले.

तेवढ्यात राऊत सर अगदी काळजीच्या आवाजात म्हणाले, "वंदनाबाई, गेल्या उन्हाळ्यात तुम्ही बरेच दिवस रजेवर होता. समन्वयकाला रोज फील्ड. तब्येत साथ देईल का?"

वंदनानं माझ्याकडे पाहिलं नाही. सरांकडेच पाहत ती म्हणाली, "सर, गोदामाशी बायाईसाठी संडास राह्यला असता तं मी रजेवर नसती गेली."

मुंबईच्या साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. सर म्हणाले, "ठीक आहे, या तुम्ही."

मग चहा आला. सर म्हणाले, चर्चा तीनला जेवणानंतर करू, तोपर्यंत मॅडमनी आमचा केळझरचा गणपती पाहिल्याशिवाय कसं चालेल, गाडी तयार आहे. मुंबईच्या साहेबांनीही आग्रह केला. मी गेले. नागपूर रस्त्यानं तासाभराच्या आत पोचता येतं. टेकडीवरचं देऊळ खरंच सुंदर आहे. झाडी आहे, वर वारा आहे, गाभाऱ्यात पायाला गार लागतं. आयुष्यात मी देवाकडे फारसं मागत नाही, पण त्या दिवशी हात जोडून वंदनासाठी मागितलं. खाली येऊन घड्याळ पाहिलं आणि गफूरभाईंना म्हटलं, चला लवकर, तीनच्या आधी पोचायचंय.

गफूरभाई चावी फिरवता फिरवता थांबले. "सरांनी तं सांगतलं होतं, मॅडमले आरामात फिरवा, तीनच्या आधी आणू नोका म्हने." मग आपण काय बोलून गेलो ते त्यांना कळलं आणि त्यांनी गाडी अशी हाणली की सेलू कधी गेलं समजलं नाही.

आम्ही अडीचला पोचलो. टेबलावर शेवयांच्या खिरीच्या रिकाम्या वाट्या होत्या. निर्णय झाला होता. अमरावतीचा मुलगा.

"मुंबईच्या साहेबांची गाडी होती ना मॅडम, म्हणून जरा आधीच आटोपलं," सर म्हणाले. "मुलाखतीला तुम्ही हजर होताच. नियमाला धरून आहे सगळं."

मी विचारलं, वंदनाला का नाही? सर म्हणाले, "तिच्या भल्यासाठीच. फील्डचा ताण तिच्या शरीराला झेपत नाही. आपण महिलांच्या आरोग्याबाबत संवेदनशील आहोत."

मी ओरडले. पन्नाशीच्या बाईनं परक्या कार्यालयात जेवढं ओरडू नये तेवढं ओरडले. तुम्ही तिला संडास दिला नाही, म्हणून ती पाणी प्यायली नाही, म्हणून आजारी पडली, आणि आता ती आजारी पडते म्हणून जागा नाही, हे तुम्हाला खरंच दिसत नाही का? निर्णय मला मान्य नाही असं मी त्यांच्याच कागदावर लिहून दिलं. मुंबईचे साहेब बूट घालत म्हणाले, "नक्की नोंद घेऊ." मग शाल आणि नारळ आले. शाल मी घेतली नाही. नारळ गफूरभाईंना दिला, त्यांनी तो मान खाली घालून घेतला.

परतीच्या गाडीला वेळ होता. फलाटावर वंदना भेटायला आली, मीच बोलावलं होतं एक रुपयाच्या फोनवरून. मी म्हटलं, तक्रार करू, मुंबईला पत्र लिहू, मी सही करते.

"लिहा न ताई, काऊन नाई," ती म्हणाली. "पण मी आता नाई जात. राजीनामा देऊन आली. त्या पोराले गावं दाखवाचं काम सांगतलं मले. मी त्याले शिकवाचं अन् मंग पोत्यावर बसाचं!"

"मग काय करणार?"

"पायतो. नणंदेचं शिवणाचं दुकान हाय पुलगावले. गावातल्या बाया इचारतीन हो ताई मले. वंदनाबाई कुठी गेली म्हनतीन."

मी तिचा हात धरला. ती हात सोडवून नळाकडे गेली. माझी दोन लिटरची बाटली तिनं काठोकाठ भरली, आणि तिथेच उभी राहून, मान मागे टाकून, घटाघटा प्यायला लागली. पाणी हनुवटीवरून निळ्या साडीवर सांडत होतं. अर्धी बाटली संपल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं.

"आता पेते जी," ती म्हणाली. "उद्या फील्ड नाई न."

घरी येऊन महिना झाला. मुंबईला दोन पत्रं गेली, उत्तर नाही. राऊत सरांचा मेल मात्र आला: वार्षिक अहवालासाठी "निवड प्रक्रियेतील महिलांचा सहभाग" यावर चार ओळी द्याल का? मी चार ओळी पाठवल्या. त्या छापतील असं वाटत नाही.

या सदराच्या काही वाचकांनी विचारलंय, उन्हाळ्यात वर्ध्याला जायचं तर काय काळजी घ्यावी. टोपी घ्या, सुती कपडे घ्या, तर्री-पोहे सकाळीच खा, केळझरला जरूर जा. अशा लेखाच्या शेवटी भरपूर पाणी प्या असंही लिहायची पद्धत आहे. मला ते लिहवत नाही. बाटली अजून ओट्यावर आहे. रोज सकाळी मी ती भरते, आणि बाहेर कुठे जायचं असेल तर आधी विचार करते की तिथे सोय असेल का, आणि नसेल तर ती तशीच भरलेली ठेवून निघते.